चाकू म्हणजे चाकूच? एका निवृत्त शिक्षकांच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार सर,

तुम्ही नाव दिलेलं नाही, ‘३१ वर्षं सेवा झालेला शिक्षक’ एवढंच लिहिलंय, म्हणून सर म्हणतो. उत्तराला चार दिवस लागले. पहिल्या रात्री लिहिलेलं उत्तर रागाचं होतं, ते खोडलं. मग शाळेत जाऊन आलो, पोराच्या बापाला परत भेटलो. तुमच्या दोन गोष्टी बरोबर निघाल्या, त्या आधी सांगतो.

त्याआधी मूळ लेख न वाचलेल्यांसाठी थोडं. आमच्या वरुड तालुक्यातल्या (जि. अमरावती) एका शाळेत जानेवारीत आठवीतल्या पोराकडे घडीचा चाकू सापडला. चाकू जप्त झाला. दुसऱ्या दिवशी प्रार्थनेच्या वेळी त्याला सगळ्या शाळेपुढं उभं केलं आणि आठ दिवस घरी बसवलं. चाकू संत्र्याच्या कलमा बांधायचा होता, अवजार आणि शस्त्र यातला फरक शाळेनं ओळखायला हवा होता, असं मी लिहिलं. त्यावर तुमचं म्हणणं असं: चाकू म्हणजे चाकू. शाळेत तो बाळगणं शस्त्र कायद्यानं गुन्हा आहे. अपवाद केला की नियम संपला. उदयपूरचा शाळकरी पोरावरचा चाकूहल्ला विसरलात का? मुळात तेरा वर्षांचं पोरगं कामाला जातंच कशाला? आणि घरी बसून शिक्षकांना खलनायक करणं सोपं असतं.

आता माझ्या चुका. मी ‘शाळेतून काढलं’ असं लिहिलं होतं. ते चूक होतं. शिक्षण हक्क कायद्याच्या, म्हणजे २००९ च्या कायद्याच्या कलम १६ प्रमाणे आठवी होईपर्यंत कुणालाच शाळेतून काढता येत नाही, आणि या शाळेनं काढलेलंही नाही. पटावर त्याचं नाव आहे. लेखात दुरुस्ती केली आहे.

दुसरी चूक मोठी आहे. पोरानं मधल्या सुट्टीत तो चाकू उघडला होता, हे मी लिहिलंच नाही. जाम कापायला उघडला होता. (आमच्याकडे पेरूला जाम म्हणतात, पुण्याकडच्या वाचकांनी गोंधळू नये.) कडुनिंबाखाली पाच-सहा पोट्टे, कागदाच्या पुडीत तिखट-मीठ, आणि फोड घ्यायला एकानं मध्येच हात घातला. अंगठ्याला बऱ्यापैकी कापलं. लेख लिहिताना मला हे ठाऊक होतं. लिहिलं असतं तर माझी बाजू लंगडी पडली असती, म्हणून गाळलं. तुम्ही ‘अर्धवट माहिती’ म्हणालात, मी त्याला लबाडी म्हणेन. ज्या मॅडमनी रक्त पाहून आधी चाकू ताब्यात घेतला, त्यांच्या जागी मी असतो तर तेच केलं असतं. तिथवर माझी काही तक्रार नाही.

तक्रार आहे ती त्यानंतरची.

तो चाकू मी हातात घेऊन पाहिलेला आहे, म्हणजे त्याचा जोडीदार. बापाकडं तसे दोन आहेत. एक कामावर, एक पाजवायला. लाकडी मूठ घामानं काळी पडलेली, पातं तर्जनीएवढं आणि पाजवून पाजवून मधे खोलगट झालेलं. जंबेरीचं (हे एका जातीचं लिंबू) रोप पेन्सिलीएवढं जाड झालं की जमिनीपासून वीतभर वर सालीला चीर द्यायची, नखानं उचलावी तशी साल अलगद उचलायची, संत्र्याच्या काडीवरून ढालीच्या आकाराचा डोळा, म्हणजे सालीसकट अंकुर, सोलून त्यात सरकवायचा आणि प्लॅस्टिकच्या पट्टीनं बांधायचा. पातं जरा बोथट असलं तर साल फाटते, डोळा वाळतो. मजुरी शेकड्यानं, त्यामुळे धार गेली की दिवसच गेला. आमच्या शेंदुरजनाघाटच्या रोपवाटिकांतून कलमा कुठंकुठं जातात हे तुम्हाला मी सांगायला नको. त्यातल्या प्रत्येक रोपावर असली एक चीर असते.

पोराचं काम रात्री चाकू पाजवायचं. सकाळी बाप सहाला निघून जातो, शाळा साडेदहाची, म्हणून पाजवलेला चाकू दप्तरात. शाळा सुटली की वाटेवरच्या नर्सरीत जाऊन बापाला द्यायचा आणि दिवेलागणीपर्यंत पट्ट्या गुंडाळू लागायचं. बाप शाळेत बोलला ते एवढंच: “सर, थो चाकू पोट्ट्याचा नाही, माहा हाय. डोये बांधाचा हंगाम चालू हाय, एका चाकूवर कसं भागन?” उत्तर मिळालं, वरिष्ठांना विचारून सांगू.

कामाबद्दलच्या तुमच्या प्रश्नानं मला अडवलं, हे कबूल. २०१६ च्या दुरुस्तीनंतर बालकामगार कायदा चौदाच्या आतल्या मुलाला शाळेच्या वेळेबाहेर घरच्या कामात मदत करू देतो. पण हा बाप दुसऱ्याच्या नर्सरीत मजूर आहे, तेव्हा ते ‘घरचं काम’ ठरेल असं मला वाटत नाही. हा प्रश्न त्या नर्सरीवाल्याला विचारायला हवा, आणि आपल्यासारख्या बागायतदारांनाही, जे तिथून कलमा घेतात. मी घेतो. पण शाळेनं त्या पोराला या कारणासाठी घरी बसवलं नव्हतं. उलट त्या आठ दिवसांत तो सकाळपासून नर्सरीत होता.

शस्त्र कायद्याचं मात्र तुम्ही म्हणता तसं नाही. १९५९ च्या कायद्यातली ‘शस्त्र’ या शब्दाची व्याख्या काढून पाहा. फक्त घरगुती किंवा शेतीच्या वापरासाठी बनवलेल्या वस्तू त्या व्याख्येतून तिथंच बाहेर काढल्या आहेत. आणि नियमांच्या परिशिष्टात तलवार, खंजीर, भाल्यांच्या रांगेत जो चाकू बसवलाय, तो ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याचा, तोही घरगुती, शेती, शास्त्रीय किंवा कारखान्याच्या कामासाठी बनवलेला नसेल तर. तर्जनीएवढं पातं त्यात येत नाही. हां, महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली निवडणुकीला, सणासुदीला जिल्हाधिकारी आदेश काढतात, त्यात चाकूच काय, काठ्याही येतात. आणि धमकावायला चाकू काढला तर तो भाजी चिरायचा होता म्हणून कुणी सुटत नाही. शाळेला आपल्या आवारात चाकूबंदी करायचा पूर्ण हक्क आहे, ते मी कुठंच नाकारलेलं नाही. फक्त त्या पोराच्या बापाला ‘पोलीस केस होऊ शकते’ असं सांगून घाबरवलं गेलं, त्याला आधार नव्हता.

गंमत बघा सर, भांडण सगळं एका शब्दात आहे. शाळेच्या फळ्यावर लिहिलंय, ‘हत्यार आणण्यास सक्त मनाई’. आपल्याकडे सुताराच्या पेटीत काय असतं? हत्यारं. न्हाव्याच्या धोपटीत काय असतं? हत्यारं. मिस्त्री कामावर येतो तेव्हा बाई विचारते, हत्यारं आणली का भाऊ? तोच शब्द पोलिसांच्या पंचनाम्यात आला की अंगावर काटा येतो. खंडेनवमीला त्या पोराच्या घरी एकाच पाटावर इळा, कुदळ, दोन्ही चाकू ठेवतात आणि त्यांना हळदीकुंकू लागतं. दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, त्याच पाटावर पाटी. फळ्यावरचं वाक्य त्यानं रोज वाचलं असेल. ते आपल्या दप्तरातल्या चाकूबद्दल आहे हे त्याच्या डोक्यात शिरलं नसेल, यात मला नवल वाटत नाही.

आणि शाळेत धारदार काय-काय असतं ते तुम्हीच आठवा. पोषण आहाराच्या खोलीत पावशी, म्हणजे विळी. परसबागेसाठी खुरपी आणि इळा, तणं काढायला सातवी-आठवीचीच पोरं. कार्यानुभवाच्या तासाला ‘उद्या कात्री आणा’. पेन्सिलीला अर्धं ब्लेड आम्ही सगळ्यांनीच कंपासपेटीत ठेवलं. माझ्या डाव्या मनगटावर करकटकाच्या टोकाचा डाग आहे, सहावीतला. बाकावरच्या जागेवरून भांडण झालं होतं. ज्यानं मारलं तो पुढं जिगरी दोस्त झाला, गुरुजींनी दोघांनाही झोडपलं, आणि करकटकावर बंदी कुणी आणली नाही, कारण ते साहित्याच्या यादीत होतं.

वर्धा इथून फार लांब नाही. ऑक्टोबर १९३७ मध्ये तिथं शिक्षण परिषद भरली आणि हस्तोद्योगातून शिक्षण, म्हणजे नई तालीम, हा विचार तिथून देशभर गेला. गांधीजींना ढालीसारखं पुढं करायचं नाही, त्या शाळा का टिकल्या नाहीत यावर मी वेगळा लेख लिहीन. पण पोराच्या हातातलं अवजार पाहून त्याला चार गोष्टी शिकवता येतात, हा विचार याच मातीत झालेला आहे. जंबेरीवर संत्र्याचा डोळा का बांधतात, वीतभर उंचावर का बांधतात, जमिनीतली बुरशी वर चढू नये म्हणून. विज्ञानाचा एक अख्खा तास त्या दप्तरात पडून होता.

उदयपूर. ऑगस्ट २०२४ मध्ये तिथं दहावीतल्या मुलावर वर्गमित्रानं चाकू चालवला आणि तीन दिवसांनी तो मुलगा गेला. शहरात गाड्या जळाल्या. राजस्थानच्या शिक्षण खात्यानं शाळेत धारदार वस्तू आणायला बंदी घातली. त्या आईबापापुढं माझा अख्खा लेख हलका आहे, हे मला समजतं. म्हणूनच मी म्हणतोय, वर्गात चाकू नको. जाम कापायलाही नको. यात आपलं भांडण नाहीच.

पण ‘अपवाद केला की नियम संपला’ हे पटत नाही. अमेरिकेत डेलावेअर राज्यात २००९ साली सहा वर्षांच्या एका मुलानं डबा खायला स्काऊटचं घडीचं साधन शाळेत नेलं. चमचा, काटा आणि चाकू एकातच. नियमात ‘चाकू’ होता, मग काय, ४५ दिवस सुधारशाळेची शिक्षा. लोक खवळले तेव्हा शाळा मंडळानं लहान मुलांपुरता नियम बदलला. नियम तिथंही राहिला, संपला नाही. माणसानं डोळे उघडे ठेवून तो वापरावा एवढीच सोय झाली.

तुम्ही विचाराल, चाळीस पोरांच्या वर्गात कुणाच्या मनात काय आहे हे मास्तरनं कसं ओळखायचं? रास्त प्रश्न. म्हणून मनात शिरायला सांगतच नाही. मुख्याध्यापकांच्या टेबलावर एक कुलपाचा पत्र्याचा डबा ठेवा. ज्याला शेतावरून आणलेलं किंवा शेतावर न्यायचं काही असेल त्यानं आल्याआल्या स्वतः द्यावं, वहीत नाव लिहावं, सुटल्यावर सही करून न्यावं. ज्यानं दिलं त्याला कुणी बोलणार नाही. न देता दप्तरात सापडलं तर बापाला बोलवा, वस्तू बापाच्या हातात द्या. आणि कुणावर उगारलं, तर मग तुम्ही म्हणाल ती कडक कारवाई, मी तुमच्या बाजूनं उभा राहीन. सायकलींसाठी शाळेत जागा असते, तशी इळ्यासाठी का नसावी? आमच्या भागात कापूस, तूर, संत्रा आहे. पूर्वेकडं, भंडारा-गोंदियाकडं धान. कापणीच्या दिवसांत तिथल्या शाळेबाहेरही इळे दिसत असतीलच.

प्रार्थनेच्या वेळी उभं केल्याबद्दल तुम्ही काहीच लिहिलं नाहीत. शिक्षण हक्क कायद्याचंच कलम १७ मारण्याइतकाच मानसिक त्रासही मना करतं. हे त्यात बसतं की नाही यावर वकील भांडोत. झालेलं एवढं की पोट्टे आता त्याला ‘रामपुरी’ म्हणतात. मी शाळेत गेलो त्या दिवशी दुसरीतलं एक लेकरू व्हरांड्यातून ओरडलं, “ए रामपुरी, तुले बाईनं बलावलं!” आणि तो ओ देऊन गेला. चिडला नाही, मान खाली घातली नाही. आपलंच नाव असल्यासारखा गेला. मला त्या अंगठ्यापेक्षा हे जास्त लागलं.

शिक्षकांना मी खलनायक केलं नाही सर. पण लेखात त्या मॅडमची बाजू एका ओळीतही नव्हती, म्हणजे केलंच. त्यांना मी भेटलो. त्या म्हणाल्या, मला फक्त चाकू काढून घ्यायचा होता, बाकीचं वर ठरलं. हे त्यांच्या परवानगीनं इथं टाकतोय.

शाळा व्यवस्थापन समितीची सभा या महिनाअखेरीस आहे. समितीत पाऊण सभासद पालक असतात, निम्म्या बाया. डब्याचा विषय अर्ज देऊन मांडायला सांगितलाय, पोराच्या आईलाही बोलावलंय. तुम्ही जवळपास राहत असाल तर या, विरोधात बोललात तरी चालेल, चहा माझ्याकडं.

चाकू अजून मुख्याध्यापकांच्या कपाटात आहे, दोन मोबाइल, एक भिंगरी आणि गोट्यांच्या पिशवीशेजारी. पावती कुणी दिली नाही, मागितल्यावरही नाही. डोळे बांधायचा हंगाम उरकला, बापानं तो एकाच चाकूवर काढला. परत मिळाला की इथं कळवतो. पातं गंजलं असणार, पोराला पुन्हा पाजवावं लागेल.