कामाला लागा

मराठवाड्यात विधानसभेच्या जागा 46. इच्छुक मोजायचे ठरवले तर तलाठी कमी पडतील. इच्छुक लांबूनही ओळखू येतो. कपडे पांढरे आणि कडक, फोन कायम चार्जिंगला, आणि तेराव्याला पहिल्या पंगतीत. लग्न हुकलं तर लोक समजून घेतात, तेरावा हुकला की भावकी पाच वर्षं लक्षात ठेवते. प्रत्येकाच्या तोंडी विलासराव देशमुखांचा दाखला असतो, बाभळगावचे सरपंच मुख्यमंत्री झाले म्हणून. तेच विलासराव 1995 साली खुद्द लातुरात पडले होते, हे मात्र कोणी काढत नाही.

तिकीट पक्ष देतो, अशी पुस्तकी समजूत आहे. तिकीट साहेब देतात. साहेब म्हणजे ज्यांच्या माणसांकडे कारखाना, जिल्हा बँक, बाजार समिती आणि दोन-चार कॉलेजं आहेत ते. आणि साहेब कधी सरळ बोलत नाहीत, त्यांचा निरोप येतो. या निरोपाचा अर्थ लावता आला नाही तर माणसानं आपलं किराणा दुकान बघावं, असं माझं स्पष्ट मत आहे. ‘बघू’ म्हणजे नाही. ‘तुमचं नाव वर पाठवलंय’ म्हणजे वर कोणी विचारलेलं नाही. सगळ्यात महागाचा निरोप ‘कामाला लागा’. हा एकाच दिवशी पाच जणांना जातो आणि पाचही जण खरंच लागतात. पाच जणांच्या डिझेलवर पक्षाचा प्रचार होतो. साहेबांचं गणित कच्चं नसतं.

कामाला लागणं म्हणजे आधी फ्लेक्स. वीस बाय दहाच्या फ्लेक्सवर वरच्या ओळीत दिल्ली-मुंबईचे नेते, बटणाएवढे गोल. मधोमध साहेब, कमरेपर्यंत. त्यांच्या खांद्याला लागून त्यांचे चिरंजीव, म्हणजे दादा, बोटभर लहान. हे बोट चुकलं की दोघेही रागावतात, कारणं वेगवेगळी. खाली कोपऱ्यात हात जोडून आपण, आणि तळाला मुंगीएवढ्या अक्षरात शुभेच्छुक. साहेबांचा फोटो दहा वर्षांपूर्वीचाच घ्यायचा. ताजा लावणारा पुन्हा बंगल्यावर दिसत नाही. आणि फ्लेक्स बांधायच्या आधी बांबू कुठं येतो ते बघा. तो नेमका तालुकाध्यक्षांच्या नाकावरून जातो, आणि मग त्या नाकाची समजूत काढायला तीन चकरा होतात.

आता एबी फॉर्म, म्हणजे तिकीट खरंच मिळाल्याचा पक्षाचा कागद. हे दोन कागद असतात. ‘ए’मध्ये पक्ष निवडणूक निर्णय अधिकाऱ्याला कळवतो की सहीचा अधिकार कोणाला दिलाय. ‘बी’मध्ये उमेदवाराचं नाव, आणि त्याचा अर्ज बाद झाला तर पर्यायी कोण, ते. सही शाईची लागते. रबरी शिक्का किंवा व्हॉट्सॲपवरचा फोटो चालत नाही. आणि दोन्ही कागद अर्जाच्या शेवटच्या दिवशी दुपारी 3 च्या आत टेबलावर पडायला हवेत. म्हणून मुंबईहून निघालेली गाडी हा त्या रात्री जिल्ह्याचा एकमेव विषय असतो. ‘साहेब काय म्हणले?’ ‘गाडी निघालीय म्हणले.’ कोणासाठी, हे गाडीच्या ड्रायव्हरलाही सांगितलेलं नसतं.

इथं कच्चे गडी मार खातात. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला सूचक, म्हणजे अर्जावर त्याचं नाव सुचवून सही करणारा, एक पुरतो. अपक्षाला दहा लागतात, आणि दहाही त्याच मतदारसंघाचे मतदार हवेत. एका सूचकावर पक्षाच्या नावानं अर्ज ठोकला आणि बी फॉर्म आलाच नाही, तर छाननीत अर्ज उडतो. मग अपक्ष म्हणूनही उभं राहता येत नाही. घरी जाऊन हार उतरवायचा. अर्ज चारपर्यंत भरता येतात आणि अनामत एकदाच लागते, 10,000, अनुसूचित जाती-जमातीला निम्मी. तेव्हा एक संच पक्षाचा, एक दहा सूचकांचा, हे ज्याला सुचतं तो पुढे जातो. कधी कधी साहेब दोघांनाही बी फॉर्म देऊन मोकळे होतात. नंतरच्या फॉर्मात ‘आधीचा रद्द’ असं लिहिलेलं नसेल, तर ज्याचा अर्ज आधी दाखल झाला त्याचा फॉर्म धरतात. म्हणून मुहूर्त 11:40 चा असला तरी अकरालाच रांगेत उभं राहावं. गुरुजींना नंतर दक्षिणा वाढवून देता येते.

बाहेर हलगी, जेसीबीवरून फुलं आणि दहा हजारांचं शक्तिप्रदर्शन, आत मात्र उमेदवार धरून पाचच जण. ते चार कोण, यावरून निम्मी यंत्रणा तिथंच पायऱ्यांवर रुसून बसते.

2024 ला अर्जाचा शेवटचा दिवस 29 ऑक्टोबर, धनत्रयोदशी. माघार 4 नोव्हेंबर, भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी. म्हणजे अख्खी दिवाळी बंडखोरांच्या घरी फराळाला. माघार उमेदवारानं स्वतः घ्यावी लागते, नाहीतर त्यानं लेखी अधिकार दिलेल्या सूचकानं किंवा निवडणूक प्रतिनिधीनं. त्यामुळं बंडखोर आधी फोन बंद करतो. घरचे चकली पुढं करून म्हणतात, ‘अण्णा देवाला गेलेत, तुळजापूरला.’ अण्णा माळ्यावर असतात.

एवढं पार पडलं तरी यंत्रणा साहेबांचीच. गावात मतदार ओळखायला दोघंच पुरतात, पीककर्ज देणाऱ्या सोसायटीचा सचिव आणि साखर कारखान्याचा चिटबॉय, म्हणजे ऊसतोडीची चिठ्ठी देणारा. कोणाचं पीककर्ज थकलंय ते सचिवाला पाठ, आणि कोणाच्या फडात तोडणीची टोळी कधी पाठवायची ते चिटबॉयच्या हातात. विरोधात बोलणाऱ्याच्या उसाला तोड मिळेपर्यंत तुरा येतो, वजन घटतं, आणि धमकी तर कोणी दिलेलीच नसते. टोळीच मिळाली नाही म्हणतात. बाजार समितीच्या 18 संचालकांत सोसायट्यांचे 11 का, हे ज्यानं ओळखलं त्याला जिल्हा कळला. बँकेपासून बूथपर्यंत सगळी एकच तार आहे.

ती तार साहेबांना उलटीही ओढता येते. उमेदवार फार मोठा होईल असं वाटलं, तर मतदानाच्या दोन दिवस आधी निरोप फिरतो, ‘जरा सबुरीनं’. मग बूथवर टेबल असतं, खुर्च्या असतात, पाण्याचे जार असतात आणि मतदारयादी सचिवाच्या घरी राहिलेली असते. उमेदवाराला हे निकालाच्या दिवशी चौथ्या फेरीत कळतं.

तरीही दुसऱ्या दिवशी मतदारांचे आभार मानणारा फ्लेक्स लागतोच. त्यात साहेब या वेळी गुडघ्यापर्यंत घेतात. जिल्हा परिषद यायची असते.