नाक कोंबडीच्या उंचीवर

कोंबड्या पाळल्यात असं कुणालाही सांगितलं की पहिला प्रश्न अंड्यांचा येतो आणि दुसरा वासाचा. दुसरा विचारताना माणूस आधी एक पाऊल मागे सरकतो. वास कोंबडीचा नसतो, ओलीचा असतो, हे मी आता झोपेतही समजावून सांगू शकते. विष्ठेतलं यूरिक आम्ल ओलं राहिलं की जंतू त्याचा अमोनिया करतात. कोरडं राहिलं तर ते बिचारं निमूट पडून असतं. म्हणजे परसातल्या कोंबड्यांचं मुख्य काम कोंबड्यांचं नाहीच, ओल हाकलण्याचं आहे. कोंबड्या निमित्तमात्र. आणि या कामात त्या निमित्ताला काडीचाही रस नाही.

खरेदीला नवरा भिंग घेऊन आला होता. डोळे तकतकीत हवेत, नाकपुड्या कोरड्या, तुरा लाल, श्वासात घरघर नको. पायांवरचे खवले घट्ट बसलेले हवेत, कारण ते उचललेले दिसले तर खाली बारीक किडे घर करून असतात. मग पंख वर करून उवा बघायच्या आणि सरतेशेवटी शेपटी वर करून मागची बाजू. तिथली पिसं चिकटलेली असतील तर कोंबडी परत. ही शेवटची तपासणी कोंबडीला अजिबात मान्य नसते आणि ती तसं साऱ्या आळीला कळवते. विक्रेता बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “साहेब, कोंबडी घ्यायचीय की तिचा विमा काढायचाय?”

नवऱ्याने कोंबड्यांच्या रोगांवरच्या लशींचा विषय काढला. मरेकची जन्मल्या दिवशी, रानीखेतची पहिल्या आठवड्यात, गंबोरोची दुसऱ्या आठवड्याच्या आसपास, देवीची पुढे. “सगळं झालंय,” विक्रेता म्हणाला. “तारखा?” नवऱ्याने विचारलं. “कोंबडीलाच विचारा,” असं उत्तर आलं. ज्याने तारखा कागदावर लिहून दिल्या त्याच्याकडून आम्ही तलंगा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या तरुण कोंबड्या, घेतल्या. पिल्लं मुद्दाम नाही घेतली. पिल्लांना पहिल्या आठवड्यात ३५ अंशांच्या आसपास ऊब लागते, नंतर दर आठवड्याला ती तीनेक अंशांनी उतरवायची. नवरा रात्रभर दिव्याखाली तापमापक घेऊन बसला असता. माझा विरोध पिल्लांना नव्हता.

आल्या आल्या खुराड्याचा ताबा सासूबाईंनी घेतला. त्यांच्या लहानपणी घरी कोंबड्या होत्या आणि त्या कोंबड्यांनी कधी कुणाला काही विचारलं नव्हतं. “स्वच्छ म्हणजे धुतलेलं,” हे त्यांचं साधं शास्त्र. एका सकाळी त्यांनी बादल्या ओतून सगळं खुराडं लखलखीत केलं. दिसायला देखणं, पण कोंबडीच्या दृष्टीने याहून वाईट भेट नाही. उबदार ओल मिळाली की कॉक्सिडिया या आतड्यातल्या सूक्ष्म परजीवींची विष्ठेतली बीजं तयार होतात, कोंबड्या ती टिपतात आणि मग रक्ताची हगवण. नवऱ्याने हे सगळं आईला आकृती काढून सांगितलं. सासूबाईंनी आकृती नीट पाहिली आणि म्हणाल्या, “म्हणजे घाण तशीच ठेवायची? त्यासाठी एवढा शिकलास?”

अर्ध खरं आहे ते. जमिनीवर चार बोटं जाडीचा कोरडा भुसा किंवा तूस टाकायचं, तो रोज दाताळ्याने खालीवर करायचा, ओला झालेला तेवढा काढायचा आणि वर नवा घालायचा. धुवायचं नाही. परीक्षा मुठीची: भुसा मुठीत दाबून सोडला की तो विस्कटला पाहिजे, त्याचा गोळा राहिला तर ओल जास्त. तूस मुठीत घेऊन विचारमग्न उभी असलेली सून बघणं सासूबाईंच्या नशिबी आलं. त्या काही बोलल्या नाहीत. पण फोनवर नणंदेशी बोलताना आवाज खाली गेला, हे मी ऐकलं.

अमोनियाची परीक्षा मात्र नाकाची, आणि खरी नामुष्की तिथे आहे. आपण उभ्याने हुंगतो आणि म्हणतो, छान आहे हवा. कोंबडीचं नाक जमिनीपासून वीत-दीड वीत उंचीवर असतं. तिथली हवा कळायची तर तिथे जावं लागतं. म्हणून रोज सकाळी मी गुडघे आणि कोपरांवर टेकून खुराड्याच्या दारातून डोकं आत घालते आणि दीर्घ श्वास घेते. डोळे चुरचुरले तर कोंबड्यांचे केव्हाचेच चुरचुरत असणार. एकदा याच अवस्थेत असताना कुंपणापलीकडून शेजारचे काका म्हणाले, “काही हरवलंय का?” त्या स्थितीत माणसाला सत्य सांगता येत नाही. मी “हो” म्हणाले. मग ते सद्गृहस्थ चष्मा लावून मदतीला आले.

यात आणखी एक ग्यानबाची मेख आहे. नाकाला वासाची सवय होते. रोज हुंगणाऱ्याला काही दिवसांनी सगळंच ताजंतवानं वाटायला लागतं. त्यामुळे अधूनमधून बाहेरचं नाक लागतं. आमच्याकडे आलेल्या पाहुण्यांना पाणी दिल्यावर खुराडं का दाखवतात, हे पाहुण्यांना आजवर कळलेलं नाही.

इतकं करून कोंबडीबाईंची स्वच्छतेची कल्पना काय, तर माती. कोरड्या मातीत आणि राखेत खड्डा करून त्या त्यात आडव्या पडतात, पंख पसरतात, पाय ताणतात आणि मान टाकून डोळे मिटतात. अंगावरच्या उवा-किडे त्या धुळीने झडतात, म्हणून ही अंघोळ हवीच. पण ती पहिल्यांदा पाहणाऱ्याला कोंबडी मेलेलीच वाटते. माझी भाची किंचाळत घरात आली होती. “उठव तिला,” म्हटलं, तर तिने कोंबडीला कवटाळून मुका घेतला. मग नवऱ्याचं व्याख्यान: धडधाकट कोंबडीच्याही पोटात साल्मोनेला हा माणसाचं पोट बिघडवणारा जंतू असू शकतो, तेव्हा मुके नाहीत आणि आधी साबणाने हात. पोरीने साबणाने तोंडही धुतलं. मातीत लोळलेली मात्र तेवढी एकटी शुद्ध.

पाण्याचं भांडं ही तर कायमची लढाई. खाली ठेवा, त्या त्यात उकरून भुसा भरतात. उंचावर ठेवा, त्यावर चढून बसतात, आणि चढून बसलेली कोंबडी काय करते ते सांगायला नको. पाठीच्या उंचीवर टांगलेलं भांडं हा त्यातला तह. झोपण्याचा दांडाही अंडी घालायच्या खोक्यांपेक्षा उंच हवा, कारण त्या सगळ्यात उंच जागी झोपतात आणि झोपेत जे करतात ते अंड्यांच्या जागी झालेलं परवडत नाही. खोकी दर चार-पाच कोंबड्यांमागे एक पुरतं म्हणतात. आम्ही जास्त केली. सगळ्या एकाच खोक्यासाठी रांग लावतात आणि बाकीची शोभेला आहेत.

नंतर आणलेल्या दोघींना महिनाभर दूर ठेवलं. जुन्यांचं काम आधी, नव्यांचं नंतर, चपला वेगळ्या, हात धुऊन. एवढ्या सोवळ्यातून निघून त्या एकत्र आल्या आणि पहिल्या पाच मिनिटांत जुन्यांनी त्यांना चोचीने पायरी दाखवली. कोंबड्यांतली ही उतरंड नॉर्वेच्या थॉर्लिफ शेल्डरूप-एब्बे यांनी १९२१ साली मांडली. त्यात दाणे टाकणाऱ्या माणसाची पायरी त्यांनी सांगितली की नाही कोण जाणे. मी अनुभवाने सांगते, ती सगळ्यात खाली असते, नव्या दोघींच्याही खाली. त्या माझ्या पायाच्या अंगठ्याला टोचतात.

सगळं मार्गी लागलं. हवा कोरडी, तूस भुरभुरीत, खाद्य रात्री झाकलेलं, जाळी उंदीर शिरणार नाही इतकी बारीक, दांड्याखालची घाण रोज साफ. आणि नेमकी तेव्हाच सगळ्यांत मोठी कोंबडी मानेपासून उघडी पडायला लागली. पिसं ढिगाने. अंडी बंद. सासूबाई म्हणाल्या, “धुतलं असतं तर हे झालं नसतं.” नवरा पशुवैद्यांकडे धावला. त्यांनी फोटो पाहिले आणि सांगितलं की कोंबडी दरवर्षी जुनी पिसं टाकून नवी घेते, काळजी नाही, काही करायचं नाही. पिसं म्हणजे बहुतांशी प्रथिनंच, तेव्हा फार तर खाद्यात प्रथिनं थोडी वाढवा.

पहिलं वाक्य नवऱ्याने ऐकलंच नाही. “फार तर” हेही नाही. आता खुराड्याच्या दारावर एक तक्ता लागला आहे, त्यात रोज किती नवी पिसं आली ते लिहायचंय. ती मोजायला कोंबडी कुणी धरायची, यावरून सध्या घरात अबोला आहे.