स्लीपर बदलायचे आहेत

‘शनिवारी दोन स्लीपर बदलायचे आहेत. बूट घालूनच या.’

मुकादमांचा हा निरोप माझ्याआधी बायकोने वाचला. तिची हयात मराठी शिकवण्यात गेली. “बदलायच्या आहेत,” ती म्हणाली. “ती स्लीपर. आणि स्लीपर बदलायला बूट कशाला?”

तो स्लीपर आणि ती स्लीपर यांतला फरक मी समजावून सांगितला. रुळांखाली आडवा पडलेला असतो तो तो. लाकडी, साडेआठ फूट लांब, उचलायला चार माणसं लागतात.

“तुम्ही किती जण आहात?”

“सात.”

“आणि धड गुडघे किती?”

मी विषय बदलला.

हेरिटेज रेल्वेत स्वयंसेवक म्हणून नाव नोंदवताना अर्जातल्या ‘आवड’ या रकान्यात मी सुवाच्य अक्षरात ‘वाफेचं इंजिन’ असं लिहिलं होतं. पण इंजिनाची वाट लांबची निघाली. आधी काही वर्षं ते पुसायचं, मग त्यात कोळसा घालायचा, मग केव्हातरी ड्रायव्हर. माझं वय पाहता त्या जागेवर मला उचलूनच बसवावं लागलं असतं. रुळांच्या टोळीत मात्र ‘लगेच’ जागा होती. ‘लगेच’ म्हटल्यावरच मी सावध व्हायला हवं होतं.

पहिल्या दिवशी मुकादम म्हणाले, “तिकडून दोन चेअर आणा बघू.” मला बरं वाटलं. आल्याआल्या पाहुण्याला बसायला द्यायची पद्धत अजून आहे म्हणायची. मी फलाटावरच्या दोन घडीच्या खुर्च्या घेऊन अर्धा मैल चालत गेलो. टोळीने त्या ठेवून घेतल्या, पण हशा थांबायला वेळ लागला. चेअर म्हणजे स्लीपरवर स्क्रूने बसवलेली बिडाची बैठक, एकेक वीसेक किलोची, आणि तिच्यात बसण्याचा मान फक्त रुळाचा. रूळ आणि चेअर यांच्यात लाकडी पाचर ठोकतात, ती चावी. दोन रुळांची टोकं जोडणारी लोखंडी पट्टी म्हणजे फिशप्लेट. झोपायला स्लीपर, बसायला चेअर, वर चावी आणि प्लेट. घरात काही म्हणता काही कमी नाही, पण इथे अंग टेकलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही.

आमचे रूळही जुन्या वळणाचे, वर-खाली दोन्हीकडे फुगीर. या रुळाचे पूर्वज अगदी दुतोंडी होते, खालचं तोंड हुबेहूब वरच्यासारखं. वरची बाजू झिजली की रूळ उलटा करून पुन्हा वापरायचा, असा तो बेत. शर्टाची कॉलर उलटवून शिवणाऱ्या घरात वाढल्यामुळे मला हा बेत ऐकूनच गहिवरून आलं. पण चेअरमध्ये बसून बसून खालच्या बाजूला खाचा पडायच्या आणि उलटलेल्या रुळावरून गाडी दणके खात जायची. शेवटी उलटवायचा नाद सोडला आणि झीज सोसायला वरचंच डोकं जाड केलं. आमच्या टोळीतही याच धर्तीची दोन-तीन माणसं आहेत.

टोळीत बहुतेक सगळे निवृत्त. मुकादम पूर्वी दंतवैद्य होते. सगळ्यांचीच वयं झालेली, त्यामुळे बोलणं ऐकताना भान ठेवावं लागतं. “सांधा खचलाय, ग्रीस घालायला हवं,” असं कोणी म्हणालं की ते रुळाविषयी आहे की गुडघ्याविषयी, हे आधी विचारून घ्यायचं. रुळाचं दुखणं तसं सोपं. अठरा मीटरचा रूळ तीस अंशांच्या फरकाने सहाएक मिलिमीटर वाढतो. त्याला हातपाय पसरायला सांध्यात फट ठेवतात, आणि फिशप्लेट गंजून आवळली असेल तर ती सोडवून ग्रीस चोपडतात, म्हणजे रूळ सरकू शकतो. नाहीतर कडक उन्हाळ्यात तो सापासारखा वाकडा होतो. उलट त्याच कोरड्या हवेत चाव्या आकसून गळून पडतात. मग हातोडा घेऊन मैलोन्‌मैल चालायचं आणि त्या पुन्हा ठोकायच्या. एकंदरीत हवा कशीही असो, आम्हाला काम आहे.

तर शनिवार. पहिला स्लीपर वरून ठणठणीत दिसत होता. भोवतीची खडी उपसायला तासभर गेला. ही खडी मुद्दाम धारदार, कोनाकोनांची घेतात. गोटे एकमेकांवरून घरंगळतात. कोनांची खडी एकमेकांत अडकून बसते. अडकलेली खडी माणसाच्या फावड्याला काय दाद देणार? प्रत्येक घावाला ठण्‌ आवाज, मनगटात झिणझिण्या, आणि फावड्यावर खडे किती, तर तीन. मग चाव्या ठोकून काढल्या, चेअरचे स्क्रू सोडवले, रूळ जॅकने जरासा उचलला. मुकादम वाकले, पहार खुपसली, डोळे मिटून हाताला काय लागतंय ते पाहिलं आणि जुन्या मायेने म्हणाले, “हलतोय.” आम्ही ओढला. स्लीपर अर्धाच बाहेर आला. उरलेला अर्धा पोटातून कुजून चहाच्या चोथ्यासारखा झाला होता. त्याच्यावरून गेल्या रविवारपर्यंत गाड्या जात होत्या हे कळल्यावर आम्ही सगळे थोडा वेळ गप्प झालो.

नवा स्लीपर आत सरकवला, त्याच्याखाली खडी ठासली, आणि मग मुकादम लांब जाऊन रुळावर गाल टेकवून पालथे पडले. एक डोळा मिटून ते रुळाची रेघ बघतात आणि आम्ही पहारी लावून उभे. “केसभर डावीकडे!” हैसा! “नाही, फार झालं. अर्धा केस उजवीकडे!” मुकादमांच्या डोक्यावर एकही केस नसल्यामुळे हे माप आम्हाला कधी नीट कळलेलं नाही. शेवटी दोन रुळांमधल्या अंतराला पट्टी लावली. १४३५ मिलिमीटर, नेमकं हवं तेवढं. या आकड्याला टोळीत शाबासकीपेक्षा जास्त किंमत आहे.

तेवढ्यात कोणीतरी वेल्समधल्या टॅलिथ्लिनचा विषय काढला. थकल्यावर तो निघतोच. स्वयंसेवकांनी ताब्यात घेऊन वाचवलेली जगातली ती पहिली रेल्वे, साल १९५१. तेव्हा तिथले रूळ म्हणे गवतानेच जागेवर धरून ठेवले होते. आम्हाला त्या गवताचा हेवा वाटला. आमच्याकडे गवत उगवतं, पण कामाला हात लावत नाही.

संध्याकाळी अवजारं मोजली. एक पाना कमी. लाइनवर काही राहिलं तर घरी जाता येत नाही. पाऊण तास शोधला, नव्या स्लीपरची निम्मी खडी पुन्हा उपसली. पाना माझ्या मागच्या खिशात होता. त्यानंतर माझ्याशी कोणी बोललं नाही, मुकादम सोडून. तेही इतकंच म्हणाले, “बसताना टोचला नाही?” मी सांगितलं की सकाळपासून बसलोच नव्हतो.

रविवारी बायको पहिल्या गाडीने आली. आम्ही सातही जण बाजूच्या उतारावर ओळीने उभे. प्रवासी इंजिनाचे फोटो काढत होते आणि आम्ही चाकांखाली टक लावून पाहत होतो. नवे स्लीपर जरासुद्धा हलले नाहीत.

“तुमचे स्लीपर नेमके कुठे होते?” गाडीतून उतरल्यावर तिने विचारलं.

“कळलं नाही ना?”

“अजिबात नाही.”

माझी छाती फुगली. मुकादमांनी टोपी काढून तिला नमस्कार केला.

“पण त्याच्या थोडं आधी,” ती म्हणाली, “पुलाच्या अलीकडे, डावीकडून एक ठक् असा दणका बसला.”

मुकादमांनी टोपी परत घातली आणि खिशातून वही काढली. “डावीकडूनच? नक्की?”

“नक्की. सांधा असेल,” बायको म्हणाली. “आमच्याकडेही एक आहे, डावाच. शनिवारी घेऊन येतील ते.”