‘अ‍ॅक्सिस अँड अलाइज’चे ते ‘खरे नियम’ खरे नाहीत

बोर्डगेमच्या ग्रुपांवर सध्या एक लांबलचक मेसेज फिरतोय, “अ‍ॅक्सिस अँड अलाइज १९४२ तुम्ही आजवर चुकीचं खेळताय, हे घ्या खरे नियम” अशी सुरुवात आणि खाली या दुसऱ्या महायुद्धावरच्या गेमबद्दल आठ मुद्दे. त्यातला एकच पूर्ण बरोबर आहे, की बॉम्बर कॅरिअरवर (विमानवाहू जहाजावर) उतरत नाही. बाकीचे वाचून नवीन मुलं तीन-चार तास मांडून बसतात आणि मग मध्येच वाद होऊन डाव मोडतो, आणि इतका सुंदर गेम परत कपाटात जातो, याचं मला खरंच वाईट वाटतं. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

आधी मूळ घोळ कुठे आहे ते. हा गेम लॅरी हॅरिस यांनी बनवला, १९८१ ला पहिल्यांदा आला, १९८४ ला मिल्टन ब्रॅडलीने मोठ्या बॉक्समध्ये काढला, मग २००४ ची रिव्हाइज्ड, २००८ ची अ‍ॅनिव्हर्सरी, २००९ ला ‘१९४२’ आणि २०१२ ला त्याचीच सेकंड एडिशन. ‘१९४२’ हे डाव सुरू होतो ते साल आहे, छापल्याचं नाही. दर वेळी नियम बदललेत. मेसेजवर चित्र सेकंड एडिशनच्या बॉक्सचं आहे आणि खालचे बरेच नियम जुन्या एडिशनचे आहेत, काही तर कुठलेच नाहीत. मी सेकंड एडिशनचंच रूलबुक धरून बोलतोय.

“समुद्रात मार बसला की आधी ट्रान्सपोर्ट काढा, महाग जहाजं वाचतात.” २००४ च्या एडिशनपर्यंत हे चालायचं. तेव्हा ट्रान्सपोर्ट (सैन्य वाहून नेणारं जहाज) ८ आयपीसीला (आयपीसी म्हणजे गेममधले पैसे) मिळायचा, बचावात फाशावर १ आला तर हिट करायचा आणि लोक मुद्दाम चार-पाच ट्रान्सपोर्ट ताफ्याबरोबर ठेवायचे, मरायलाच. २००८ च्या अ‍ॅनिव्हर्सरीपासून हे बंद झालं. आता किंमत ७, अटॅक शून्य, डिफेन्स शून्य, आणि कॅज्युअल्टी (मार बसून गेलेलं युनिट) म्हणून तो सगळ्यात शेवटीच काढायचा, हल्ला करणाऱ्यानेही आणि बचाव करणाऱ्यानेही. बचाव करणाऱ्याकडे फक्त ट्रान्सपोर्ट उरले आणि समोर अजून हल्ला करू शकणारं काही असेल तर उरलेले सगळे एकदम जातात, फासेसुद्धा टाकायचे नाहीत. म्हणजे एका डिस्ट्रॉयरच्या (छोट्या युद्धनौकेच्या) भरवशावर तीन ट्रान्सपोर्ट ठेवलेत तर तो ८ चा डिस्ट्रॉयर पडला की पाठोपाठ २१ आयपीसी गेले. माझ्या मते हा या एडिशनमधला सगळ्यात चांगला बदल आहे, कारण आता ताफ्याला खरंखुरं संरक्षण द्यावं लागतं.

“एए तोफ प्रत्येक विमानावर दर राउंडला फासा टाकते.” एए म्हणजे विमानविरोधी तोफ. दर राउंडला हा प्रकार १९८४ लाही नव्हता आणि २००४ लाही. लढाई सुरू व्हायच्या आधी एकदाच, १ आला तर विमान पडलं, संपलं. आणि सेकंड एडिशनमध्ये एका तोफेला जास्तीत जास्त ३ फासे, पण एका विमानावर एकच. पाच विमानं आली आणि तोफ एक असेल तर ३ फासे. चार विमानं आली आणि तोफा दोन असतील तर ६ नाही, ४. याच मुद्द्यात पुढे “फॅक्टरीची तोफ पण मारते” असं घुसवलंय. इंडस्ट्रियल कॉम्प्लेक्सची, म्हणजे फॅक्टरीची, स्वतःची एए फक्त त्याच्यावर बॉम्बिंग रेड करायला आलेल्या बॉम्बरवर चालते, तिथल्या जमिनीवरच्या लढाईत आलेल्या विमानांशी तिचा संबंध नाही.

आता विमानं उतरवण्याचा मुद्दा, यावर सगळ्यात जास्त भांडणं होतात. मेसेज म्हणतो, “जिंकलेल्या प्रदेशात विमान उतरवा, आणि जागा नसेल तरी हल्ला करा, विमान गेलं तर गेलं.” दोन्ही चूक. टर्न सुरू होताना जो प्रदेश तुमचा किंवा तुमच्या मित्राचा होता तिथेच उतरता येतं, त्याच टर्नला जिंकलेल्या जागी नाही. आणि कॉम्बॅट मूव्ह (हल्ल्यासाठीची चाल) करतानाच उतरायची एक तरी शक्यता दाखवावी लागते. पण ही शक्यता कशी मोजायची ते लोकांना माहीत नसतं, त्यामुळे उलट बाजूलाही चूक होते आणि पूर्ण कायदेशीर हल्ला अडवला जातो. तुमचे सगळे फासे लागले आणि समोरच्याचे सगळे हुकले असं धरून चालायचं. समजा फायटर आपल्या चारही स्पेस (घरं) खर्च करून समुद्रात लढायला गेला, हातात एकही मूव्ह नाही, पण तुमचा कॅरिअर त्या सी झोनपासून (समुद्रातल्या घरापासून) दोन स्पेसवर उभा आहे आणि नॉनकॉम्बॅट मूव्हमध्ये (लढाईनंतरच्या चालीत) तिथे पोचू शकतो, तर हल्ला चालतो. मधे शत्रूचं जहाज असेल आणि तुम्ही त्याच टर्नला त्याच्यावरही हल्ला करताय तरी चालतो, जिंकायची शक्यता कितीही कमी असू दे. एवढंच नाही, याच टर्नला विकत घेतलेला कॅरिअर जिथे ठेवणार त्या सी झोनमध्येही फायटर नेता येतो. लढाईत फासे वाईट पडले आणि जागाच उरली नाही तर विमान जातं, ते वेगळं. आधीपासून जागा नसताना पाठवणं हे नियमात बसत नाही.

“फॅक्टरी जिंकली की लगेच तिथे युनिट ठेवा.” नाही. टर्नचे सहा फेज आहेत: खरेदी, कॉम्बॅट मूव्ह, लढाई, नॉनकॉम्बॅट मूव्ह, नवीन युनिट ठेवणं, उत्पन्न. जिंकलेल्या प्रदेशाचं उत्पन्न त्याच टर्नच्या शेवटी मिळतं हे खरं, पण फॅक्टरी पुढच्या टर्नला. हे आपल्या इंडियावरच बघा, कारण कलकत्ता हे १३ व्हिक्टरी सिटींपैकी (डाव जिंकण्यासाठी मोजल्या जाणाऱ्या शहरांपैकी) एक आहे आणि जपानची नजर तिथे असतेच. जपानने इंडिया घेतला, ३ आयपीसी मिळाले. आता तिथून ३ युनिट काढायची असतील तर आधी अमेरिका, रशिया, जर्मनी, ब्रिटन एवढे टर्न जाऊ द्यावे लागतात, आणि त्यातल्या तिघांचे हल्ले झेलून इंडिया टिकवावा लागतो. मधे रशियाने तो सोडवला तर तो रशियाचा होत नाही, लंडन शाबूत असेल तर ब्रिटनला परत जातो आणि ब्रिटन आपल्या टर्नला तीच फॅक्टरी वापरतो. मेसेजमधला नियम लावला तर जपान घेतल्या घेतल्या ३ इन्फंट्री टाकणार आणि आशियाची सगळी लढाईच एकतर्फी होणार.

सबमरीनबद्दल थोडक्यात. “सबमरीन दिसली की ताफा थांबला” असं नाही, झोनमध्ये शत्रूच्या फक्त सबमरीन किंवा ट्रान्सपोर्ट असतील तर तो झोन अडत नाही, खुशाल जा. एक अपवाद मात्र लक्षात ठेवा, सबमरीनकडे दुर्लक्ष करून किनाऱ्यावर सैन्य उतरवायचं असेल तर ट्रान्सपोर्टबरोबर त्या झोनमध्ये आपली एक तरी युद्धनौका हवी. आणि आपल्या बाजूचा डिस्ट्रॉयर लढाईत नसेल तर विमानं सबमरीनला मारूच शकत नाहीत, मग दहा फायटर न्या.

“बॅटलशिप आणि क्रूझर नेहमी किनाऱ्यावर मारा करतात.” एकदाच करतात, त्या झोनमध्ये आधी समुद्री लढाई झाली नसेल तरच, आणि जितकी युनिट ट्रान्सपोर्टमधून उतरली तितकेच मारे. दोन इन्फंट्री उतरवून चार जहाजांचे फासे टाकता येत नाहीत. आणि या माऱ्यात पडलेलं युनिट लगेच उचलायचं नाही, ते एकदा डिफेन्सचा फासा टाकून मग जातं.

राहिलं “मित्रदेश एकत्र हल्ला करू शकतात”. बचाव एकत्र होतो, हल्ला कधीच नाही, प्रत्येकाने आपापल्या टर्नला. ब्रिटन आणि अमेरिका फ्रान्सवर एकाच वेळी चढू शकत नाहीत. पण टर्नचा क्रम बघा: जर्मनी, ब्रिटन, जपान, अमेरिका, रशिया आणि मग परत जर्मनी. ब्रिटनने फ्रान्स घेतला तर अमेरिकेच्या टर्नच्या सुरुवातीला तो आधीच मित्राचा प्रदेश असतो, म्हणून ब्रिटनची विमानं तिथे उतरू शकली नाहीत तरी अमेरिकेची उतरतात, ट्रान्सपोर्टमधून इन्फंट्रीही उतरते, आणि जर्मनी परत घ्यायला येतो तेव्हा समोर बचावात फाशावर ४ किंवा कमी आलं तरी हिट करणारे फायटर उभे असतात.