रूळ राहिले म्हणून गाडी आली

शकुंतला, म्हणजे यवतमाळ ते मूर्तिजापूर धावणारी आणि आता बंद पडलेली छोटी गाडी. तिच्या रुळांचं काय करायचं, यावर यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या दारव्ह्याच्या शाळेतल्या मित्रमैत्रिणींच्या व्हॉट्सॲप गटात महिनाभर वाद चालू आहे. एक बाजू म्हणते, वर्धा-यवतमाळ-नांदेड ही मोठी लाइन दारव्ह्यावरूनच जाणार आहे, मग मूर्तिजापूरच्या त्या नॅरोगेजचा, अरुंद रुळांचा सोस कशाला? रूळ उचला, जागा मोकळी करा, रस्ता होऊ द्या. दुसरी बाजू वाफेच्या इंजिनाचे फोटो टाकते. १९२१ साली मँचेस्टरात बनलेलं आणि १९९४च्या एप्रिलपर्यंत धावलेलं ते इंजिन मलाही आठवतं. यवतमाळ ते मूर्तिजापूर ११३ किलोमीटर, वाटेत लाडखेड, दारव्हा-मोतीबाग, कारंजा. आजी माहेरी जायची ती याच गाडीने. पण फोटोंनी जागा वाचत नाही, हे मी गेली सहा वर्षं जिथे राहते त्या गावाने मला शिकवलं.

ओकहॅम्प्टन हे इंग्लंडच्या नैर्ऋत्येकडच्या डेव्हनमधलं बाजाराचं गाव. डार्टमूरच्या पठाराच्या उत्तर पायथ्याशी वसलेलं, दारव्ह्यापेक्षा बरंच लहान. मी २०१९मध्ये इथे आले तेव्हा गावाबाहेरच्या चढावर स्टेशन होतं, रूळ होते, फलाटावर फुलांच्या कुंड्या होत्या, पण कामाला जायला गाडी नव्हती. नोकरी जवळच्या एक्सेटर शहरात. भारतातलं लायसन्स इथे वर्षभरच चालतं, आणि नव्याने आलेल्याला मोटारीचा विमाही जबर पडतो. म्हणजे बसच. हिवाळ्यात चारलाच अंधार पडतो. त्या अंधारात बसथांब्यावर उभी असताना मला आमचा दारव्ह्याचा स्टँड आठवायचा, लाल गाडीच्या पाटीकडे डोळे लावून बसलेली माणसं आठवायची.

या गावाला रेल्वे मिळाली १८७१ साली. तीन वर्षांनी मेल्डनच्या दरीवर उंच लोखंडी पूल उभा राहिला आणि मार्ग टॅविस्टॉककडे सरकला, पुढे प्लिमथपर्यंत गेला. लंडनच्या वॉटर्लू स्टेशनवरून ‘अटलांटिक कोस्ट एक्सप्रेस’ निघायची. वाटेत तिचे डबे सुटत जायचे, कुठले प्लिमथचे, कुठले ब्यूडचे, कुठले पॅडस्टोचे, आणि त्यातले बरेच ओकहॅम्प्टनवरूनच पुढे जायचे. शेजारच्या आजींना ते अजून आठवतं. उन्हाळ्यातल्या शनिवारी फलाटावर लहान मुलं नुसती डबे मोजायला यायची, असं त्या सांगतात.

मग १९६३ साली रेल्वे बोर्डाचे अध्यक्ष डॉ. रिचर्ड बीचिंग यांचा अहवाल आला. २,३६३ स्टेशनं आणि हॉल्ट, म्हणजे छोटे थांबे, बंद करा, असं त्यात सुचवलं होतं. प्रवासी मोजले होते १९६१च्या एप्रिलमधल्या एकाच आठवड्यात. ज्या मार्गांवर जुलै-ऑगस्टात समुद्रावर जाणाऱ्यांची झुंबड उडायची, त्यांची गर्दी एप्रिलमध्ये मोजली! हे वाचलं तेव्हा मला शकुंतलेचं शेवटचं वेळापत्रक आठवलं. दिवसाला एक फेरी, तीही रखडत जाणारी, आणि मग म्हणायचं की प्रवासीच नाहीत.

१९६८च्या मे महिन्यात ओकहॅम्प्टनच्या पुढचा, टॅविस्टॉकवरून जाणारा मार्ग बंद झाला. १९७२च्या जूनमध्ये एक्सेटरची प्रवासी गाडीही थांबली. गावाचा सगळा भार रस्त्यावर आला. उन्हाळ्यात शेजारच्या कॉर्नवॉलला निघालेल्या मोटारींची रांग भर बाजारातून जायची. अखेर १९८८ला बाह्यवळण रस्ता झाला. तो उत्तरेकडच्या शेतांतून न्यावा, असं संसदेच्या समितीने सांगितलं होतं. सरकारने १९८५ला कायदाच करून तो दक्षिणेकडून, राष्ट्रीय उद्यानाच्या कडेतून नेला. बाजारपेठ मोकळी झाली, हे खरं. पण ज्याच्या दारात मोटार नाही, त्याच्या प्रवासाला त्या रस्त्याने काय दिलं? आमच्याकडे समृद्धी कारंज्याजवळून जाते. तिच्यावर दुचाकीला बंदी आहे. दारव्ह्याच्या आठवडी बाजाराला येणाऱ्या बाईने त्या महामार्गाकडे नुसतं बघायचं.

आता माझ्या सोबत्यांनी ऐकावी अशी गोष्ट. ओकहॅम्प्टनचे रूळ उचलले गेले नाहीत, आणि त्याचं कारण होतं दगड. मेल्डनच्या खाणीतली खडी रेल्वेलाच रुळांखाली घालायला हवी होती, म्हणून मालगाड्या चालू राहिल्या. माल होता म्हणून मार्ग राहिला. तो होता म्हणून १९९७पासून कौंटी कौन्सिलच्या, म्हणजे इथल्या जिल्हा परिषदेच्या मदतीने उन्हाळ्यातल्या रविवारी गाडी सोडता आली. वर्षातले थोडेच दिवस, पण लोकांची सवय पुरती मोडली नाही आणि मागणीही विझली नाही.

२०१४च्या फेब्रुवारीत डेव्हनच्याच किनाऱ्यावर डॉलिश इथे वादळाने समुद्रकाठचा बांध फोडला. रूळ हवेत लोंबकळत राहिले. प्लिमथ आणि अख्खं कॉर्नवॉल दोन महिने उरलेल्या देशाच्या रेल्वेपासून तुटलं, कारण तो एकच मार्ग उरला होता. डॉलिशला अडलं की गाड्या ओकहॅम्प्टन-टॅविस्टॉकवरून वळवायची सोय होती, ती १९६८लाच मोडून टाकली होती. ‘मोठी लाइन आहे ना, मग दुसरी कशाला’ असं गटात कुणी लिहिलं की माझ्या डोळ्यांसमोर ते लोंबकळणारे रूळ येतात. शिवाय वर्धा-नांदेड लाइन कारंजा किंवा मूर्तिजापूरला जाणारच नाही. मुंबई-हावडा मार्गाला पश्चिमेकडे भेटणारी आपली वाट शकुंतलेचीच आहे.

२० नोव्हेंबर २०२१ला एक्सेटरची गाडी रोज धावू लागली. ११ मैल रूळ नव्याने टाकावे लागले, रुळांखालचे २४ हजार स्लीपर बदलावे लागले, खर्च सुमारे चार कोटी पौंड आला, आणि तो ठरलेल्या रकमेपेक्षा एक कोटीने कमी होता. पुढच्या उन्हाळ्याआधी दर तासाला गाडी झाली. पहिल्याच वर्षात अडीच लाखांहून जास्त प्रवास झाले. पहिल्या दिवशी शेजारच्या आजींना घेऊन मी त्या गाडीत बसले होते. त्या खिडकीला डोकं टेकून बाहेर बघत होत्या, एक्सेटर येईपर्यंत एक शब्द बोलल्या नाहीत.

टॅविस्टॉकला अजून गाडी नाही. तेही बाजाराचंच गाव, ओकहॅम्प्टनहून मोठं. तिथून बेअर ॲल्स्टनच्या चालू स्टेशनपर्यंत जेमतेम पाच मैलांचं अंतर, पण रूळ गेले ते गेलेच. मेल्डनचा पूल आता पायी चालणाऱ्यांचा आणि सायकलींचा आहे. बंद मार्ग पुन्हा सुरू करण्याचा जो सरकारी निधी ओकहॅम्प्टनला लाभला, तो २०२४च्या जुलैमध्ये नव्या सरकारने गुंडाळला. दोन्ही गावांची मागणी सारखीच रास्त होती. एकाकडे रूळ उरले होते, दुसऱ्याकडे नाही.

म्हणून रस्त्यासाठी जागा मागणाऱ्यांना माझं सांगणं आहे की ती एकदा गेली की पुन्हा जोडून मिळत नाही. आजच्या भावाने शेतकऱ्यांकडून तशी सलग पट्टी घ्यायला कोण पुढे येणार? फोटो टाकणाऱ्यांनाही सांगते, छोटी गाडी जशीच्या तशी परत मागू नका. ब्रॉडगेज, म्हणजे रुंद रूळ मागा आणि त्यावर माल मागा. कापसाच्या गाठी, सरकी, तूर, सोयाबीन. शकुंतला मुळात वऱ्हाडातल्या कापसासाठीच टाकली होती. तोवर निदान जागेवरची अतिक्रमणं थांबवा, पूल आणि मोऱ्या मोजून ठेवा.

फेब्रुवारीत सुट्टीवर येते आहे. मोतीबागेपासून लाडखेडपर्यंत रुळांवरून चालत जायचं, कुठे काय उरलंय ते वहीत लिहून घ्यायचं, असं ठरवलं आहे. दोघीजणी येते म्हणाल्या आहेत. रस्तावाल्यांपैकीही कुणीतरी यावं.