जॉर्डनला कुणी हाकललं नव्हतं, काका

मागच्या आठवड्यात भाच्याच्या शाळेत बास्केटबॉल संघाची यादी लागली. सतरा वर्षांखालचा गट, बारा नावं. भाचा नववीत, उंची जेमतेम. त्याचं नाव नाही. त्याच रात्री पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एका काकांनी तो मजकूर टाकला, जो दर निकालाला आणि दर निवडीला फिरत असतो. थोडक्यात असा: मायकल जॉर्डन या अमेरिकी बास्केटबॉलपटूला ‘तुझी लायकी नाही’ म्हणून शाळेच्या संघातून हाकलून दिलं. तो घरी येऊन रडला, पण खचला नाही. कुणाच्याही मदतीशिवाय, निव्वळ जिद्दीवर तो जगात सर्वश्रेष्ठ झाला. त्याच्या बुटांवर बंदी आली तरी थांबला नाही. म्हणून मुलांनो, निवड झाली नाही तर मैदान नाही, कोच नाही अशी रडगाणी गाऊ नका. खाली हात जोडलेले सहा इमोजी.

काका वयाने मोठे, मनाने निर्मळ. तिथे वाद नको म्हणून मी अंगठा दिला आणि गप्प बसलो. पण १९९८च्या जूनमध्ये पहाटे पाचला केबलवर जॉर्डनचा शिकागो बुल्स या त्याच्या संघासाठीचा शेवटचा सामना बघायला शेजाऱ्यांच्या हॉलमध्ये जाऊन बसलेला माणूस आहे मी. माझ्यासमोर जॉर्डनच्या नावावर काहीही खपवायचं म्हणजे जरा जास्तच झालं.

हाकललं, इथूनच सुरुवात करू. हे १९७८ सालचं. गाव विल्मिंग्टन, नॉर्थ कॅरोलायना राज्यातलं. शाळा लेनी हायस्कूल. जॉर्डन पंधरा वर्षांचा, म्हणजे आपल्या हिशेबाने दहावीत, उंची पाच फूट दहा इंच. तिकडे शाळेचे दोन संघ असतात. वरचा तो व्हर्सिटी, खालचा ज्युनिअर व्हर्सिटी. वरच्या संघातल्या बहुतेक जागा मोठ्या वर्गांतल्या मुलांनी भरलेल्या. दहावीतला एकच मुलगा वर घेतला, जॉर्डनचाच मित्र लेरॉय स्मिथ. कारण सरळ होतं: लेरॉय साडेसहा फुटांचा आणि संघाला उंची हवी होती. जॉर्डनला खालच्या संघात ठेवलं. त्या शाळेत दहावीच्या मुलासाठी हा नेहमीचाच रस्ता होता. लायकी काढणारं कुणाचं वाक्य त्यात कुठेच नाही.

तो रडला, हे मात्र खरं. यादीत नाव दिसलं नाही म्हणून घरी जाऊन खोलीचं दार लावून रडल्याचं त्याने स्वतःच सांगितलंय. पंधराव्या वर्षी रडू येणारच. आणि ही सल त्याने जन्मभर जपली, इतकी की २००९मध्ये हॉल ऑफ फेमच्या, म्हणजे थोर खेळाडूंच्या मानाच्या यादीत नाव घेण्याच्या, सोहळ्यात भाषण करताना लेरॉयला समोर बसवून त्या जुन्या प्रशिक्षकांना ‘तुमचं चुकलं’ असा टोमणा मारला. तेव्हा या गोष्टीला तिखटमीठ लावण्यात जॉर्डनचाही हात आहे, हे मान्य. पण फॉरवर्ड त्याच्याही पुढे जातो. जॉर्डनने कधी न नाकारलेली एक गोष्ट तो सरळ कापून टाकतो, ती म्हणजे रडल्यानंतरचं वर्ष.

त्या वर्षी जॉर्डन खालच्या संघात खेळला. त्या संघाला स्वतःचा प्रशिक्षक होता, स्वतःचे सामने होते, खेळायला लाकडी फ्लोअरचा बंदिस्त जिम होता. तिथे तो एकेका सामन्यात चाळीसच्या घरात गुण काढू लागला. पुढच्या वर्षापर्यंत उंची चारेक इंच वाढली आणि ज्यांनी त्याला खाली ठेवलं होतं, त्याच प्रशिक्षकांच्या हाताखाली, क्लिफ्टन हेरिंग त्यांचं नाव, तो वरच्या संघात दोन वर्षं खेळला. म्हणजे ज्या मुलाची निवड झाली नाही, त्या मुलाला वर्षभर सामने मिळाले. ही ओळ फॉरवर्डमध्ये घाला आणि मग पुन्हा वाचा.

भाच्याने मला यादी लागल्यावर विचारलं होतं, “मामा, दुसऱ्या टीममध्ये तरी घेतील का?”

दुसरी टीम नाही. बारा जण जिल्हा स्पर्धेला जातील, बाकीचे संध्याकाळी ट्यूशनला. सोलापुरात मी पंचवीस-तीस वर्षं हेच पाहतोय. यादीबाहेरचा पोरगा एक-दोन दिवस मैदानाच्या कडेला उभा राहतो, आलेला चेंडू परत फेकतो, तिसऱ्या दिवशी येत नाही. माझ्या वेळी आमच्यात एक डावखुरा मुलगा होता, वडील यंत्रमागावर. हात असा की सहा फुटांवरून बोर्डला न लागता बास्केट. अंगाने लहान म्हणून राहिला. पुढच्या वर्षी तो वीतभर वाढला, पण तोवर त्याचा मैदानाशी संबंध तुटला होता. त्याच्यात जिद्द कमी होती असं ज्याला म्हणायचंय, त्याने आधी मला सांगावं की त्या एका वर्षात त्याने ती जिद्द कुठे दाखवायला हवी होती.

आता ‘कुणाच्याही मदतीशिवाय’. इथे तर आकडेच बोलतात. १९८६-८७च्या मोसमात जॉर्डनची सरासरी सामन्यामागे ३७.१ गुण होती, त्याच्या आयुष्यातली सर्वांत जास्त. एकटा माणूस किती खेळू शकतो याची ती कमाल. त्या वर्षी शिकागो बुल्सचं काय झालं? बाद फेऱ्यांमधल्या पहिल्याच फेरीत बोस्टनच्या संघाकडून ३-० असे हरून ते घरी आले. १९८८, १९८९, १९९० अशी लागोपाठ तीन वर्षं डेट्रॉइटच्या संघाने त्यांना अडवलं. अजिंक्यपद आलं १९९१मध्ये. तोवर १९८७मध्ये संघात आलेला स्कॉटी पिपेन तयार झाला होता. १९८९मध्ये मुख्य प्रशिक्षक झालेले फिल जॅक्सन आणि त्यांचे वयस्कर सहायक टेक्स विंटर यांनी त्रिकोणी आक्रमणाची पद्धत बसवली होती. त्यात चेंडू एकाच हातात राहत नाही, फिरत राहतो. जॉर्डनची सरासरी ३१.५वर उतरली आणि संघ जिंकला.

पिपेनबद्दल थोडं, कारण तो माझा लाडका. आर्कान्सासमधल्या छोट्या गावचा गरीब घरातला मुलगा. कॉलेजात गेला तेव्हा खेळाडू म्हणून त्याला कुणी बोलावलं नव्हतं. संघाचं सामान, टॉवेल सांभाळणारा मॅनेजर म्हणून राहिला. (आपल्या गावात टॉवेल विणणारे हजारो, टॉवेलवरून कोर्टवर गेलेला मला हा एकच माहीत आहे.) तिथेच त्याची उंची वाढली आणि जागा मिळाली. म्हणजे यालाही कुणीतरी दाराच्या आत ठेवलं होतं.

आणि १९९७ची अंतिम फेरी. युटाच्या संघाविरुद्ध सहावा सामना, ८६-८६ अशी बरोबरी, शेवटचे क्षण. टाइमआउटमध्ये जॉर्डन स्टीव्ह कर या आपल्या सहकाऱ्याला सांगतो की युटाचा स्टॉकटन माझ्यावर धावून येईल, तू तयार राहा. तसंच झालं. दोघे जॉर्डनवर, करकडे पास, करचा शॉट आत. बुल्स विजेते. १९९३मध्ये निर्णायक शॉट बुल्सच्याच जॉन पॅक्सनचा होता. जॉर्डनच्या सहा विजेतेपदांमधली दोन अशी दुसऱ्याच्या हातून पक्की झाली. जॉर्डन १९९३च्या ऑक्टोबरमध्ये निवृत्त होऊन बेसबॉलकडे गेला, तर त्याच्याशिवाय बुल्सने मोसमात ५५ सामने जिंकले. आदल्या वर्षी तो असताना ५७. विजेतेपद त्याच्याविना आलं नाही, हेही तितकंच खरं, ते लपवायचं कारण नाही. पण एकट्याच्या जोरावर उभा राहिलेला संघ दोनच सामन्यांनी खाली येईल का?

बुटांवर फार वेळ घालवत नाही. १९८४-८५मध्ये एनबीएचा, म्हणजे बुल्स ज्या व्यावसायिक लीगमध्ये खेळतात तिचा, आक्षेप रंगाला होता. लाल-काळे बूट गणवेशाच्या नियमात बसत नव्हते. ‘बंदी घातलेला बूट’ ही कथा गाजवली ती बूट विकणाऱ्या कंपनीनेच, जाहिरातीतून. जॉर्डनचं त्यात काही अडलं नाही; उलट पहिल्याच वर्षी बूट धो धो विकले गेले.

जाहिरातीवरून आठवलं. याच मजकुराची एक लांब आवृत्ती आहे, तिच्या शेवटी जॉर्डनचं म्हणून एक वचन असतं: मी नऊ हजारांहून जास्त शॉट चुकवलेत, जवळपास तीनशे सामने हरलोय, वगैरे. आवाज त्याचाच आहे. पण हे मनोगत नव्हे, त्याच कंपनीच्या १९९७मधल्या जाहिरातीची संहिता आहे. बाहेरगावच्या बाजारात लेबल बघून लोक सोलापुरी चादर घेतात, ती कुठे विणली ते विचारत नाहीत, तसंच हे. आकड्यांचीच हौस असेल तर ताजा आकडा घ्या: पूर्ण कारकिर्दीत त्याने मैदानी शॉट मारले २४,५३७, आत गेले १२,१९२. चुकले १२,३४५. लक्षात ठेवायलाही सोपा.

राहिलं शेवटचं वाक्य, ‘मैदान नाही, कोच नाही अशी रडगाणी गाऊ नका’. काका, मला सगळ्यात जास्त टोचलं ते हे. हे वाक्य पोराला उद्देशून असतं, पण त्याने सुटका होते ती मोठ्यांची. मैदानावर खडी आहे, रिंगला जाळी नाही, चेंडू कपाटात आणि किल्ली सरांकडे. हे सगळं ज्यांनी बघायचं त्यांना पोराची जिद्द दाखवली की प्रश्न मिटतो. खुद्द जॉर्डनला आपल्या गावासाठी काही करायचं होतं तेव्हा त्याने काय केलं? २०२१मध्ये विल्मिंग्टन परिसरात दोन दवाखाने उभारायला एक कोटी डॉलर जाहीर केले, ज्यांच्याकडे विमा नाही किंवा अपुरा आहे अशांसाठी. पहिला दवाखाना २०२४मध्ये सुरू झाला. आजारी माणसाला जिद्द ठेव म्हणून निरोप पाठवून तो मोकळा झाला नाही.

त्या यादीत नाव नसलेली भाच्यासारखी आणखी नऊ पोरं आहेत, मी मोजली. दहा जण म्हणजे पाच-पाचचा सामना होतो. रोज साडेपाच ते सात शाळेचं मैदान वापरू द्या, असा अर्ज परवा दिलाय, उत्तर यायचंय. काका, तुमचा धाकटा पुण्याला गेला तेव्हा त्याचा सात नंबरचा चेंडू घरीच राहिला असेल ना? हवा गेली असली तरी चालेल, पंप माझ्याकडे आहे.