स्कार्लात्तीच्या मांजरीला आता पट्ट्यांवरून उतरवा

नातेवाइकांच्या ग्रुपवर तो फॉरवर्ड परत आलाय. दोमेनिको स्कार्लात्ती या इटालियन संगीतकाराची मांजर पुलचिनेला म्हणे पियानोवरून चालत गेली, त्याने ते सूर जसेच्या तसे उतरवले आणि ‘कॅट फ्यूग’ असं नावही स्वतःच ठेवलं. (फ्यूग म्हणजे एकच मुखडा वेगवेगळे आवाज एकामागून एक उचलतात अशी रचना.) तो म्हणे जर्मन संगीतकार बाखचा गुरू, आणि त्याच्या साडेपाचशे सोनाटा, म्हणजे वाद्यासाठीच्या छोट्या रचना, सगळ्या अशाच. शेवटी उपदेश: ‘मुलांना अलंकार घोटायला लावू नका, प्रतिभा अपघातानेच येते.’ एवढ्या आधारावर भाचीने पेटीच्या क्लासला दांडी मारली!

काढा पेटी. पांढरी पाच सा धरा आणि वाजवा: सा, कोमल ग, कोमल ध, शुद्ध नी, मग तार सप्तकातले कोमल ग आणि तीव्र म. फ्यूगचा मुखडा सुरू होतो तो असा. सहांपैकी एकटा सा पांढऱ्या पट्टीवर, बाकी पाचही काळ्यांवर. म्हणजे ही मांजर दीड सप्तक चालली, नेमक्या अरुंद पट्ट्यांवर पंजा ठेवत, शेजारच्या एकीलाही न दाबता, वर प्रत्येक सुराला सारखाच वेळ देत. खरी मांजर पेटीवर चढली की काय आवाज निघतो ते ज्यांच्या घरी मांजर आहे त्यांना विचारा. बरं, दिला तिने मुखडा. पुढे तोच मुखडा दुसरा आवाज पंचमावरून उचलतो, पहिला त्याच्याशी झुंजत राहतो आणि तरी सगळं सुरात बसतं. ते कुणी बसवलं, उंदराने?

चाल दबक्या पावलांसारखी वाटते, हे मान्य. त्यावरूनच टोपणनाव पडलं असणार. पण ते रूढ झालं एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला, मुत्सियो क्लेमेंटी या संगीतकाराच्या हातून. स्कार्लात्ती १७५७ मध्येच माद्रिदला वारला होता.

त्याच्या हयातीतलं छापील पुस्तक आहे की! १७३८च्या सुमारास लंडनहून निघालेलं, पोर्तुगालचा राजा पाचवा जुआंव याला अर्पण केलेलं. त्यातल्या तीस सोनाटांमधली ही शेवटची. मांजरीचा त्यात उल्लेखही नाही. प्रस्तावनेत तो वाचकाला सांगतो, इथे गाढ विद्वत्ता शोधू नका, ही कलेशी केलेली चतुर थट्टा आहे. फॉरवर्डवाल्यांना हे वाक्य सापडलं तर नाचतील. पण थट्टा करणारा हा माणूस राजकन्या मारिया बार्बराचा संगीतशिक्षक होता, आणि त्याच पुस्तकात डावा हात उजव्यावरून उड्या मारतो. अलंकार न घोटता मारून दाखवा.

राहिला पियानो. त्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर वाद्य म्हणून हार्पसिकॉर्डचं नाव आहे, ज्यात तार छेडली जाते, ठोकली जात नाही. मारिया बार्बरा पुढे स्पेनची राणी झाली, तिच्याकडे फ्लॉरेन्सचे पियानोही होते, तेवढं घ्या पदरात. ‘बाखचा गुरू’? दोघांचाही जन्म १६८५चा. आणि ‘साडेपाचशे सोनाटा अशाच’ म्हणणाऱ्याने दुसरी ऐकलेलीच नाही. ५५५ पैकी फ्यूग मोजक्याच. बहुतेक सोनाटा दोन भागांच्या, प्रत्येक भाग दोनदा वाजणाऱ्या, कित्येकींत स्पॅनिश गिटारचा खडखडाट. के. १४१, म्हणजे यादीतली १४१ क्रमांकाची सोनाटा, ऐका. एकाच पट्टीवर बोटं बदलत सूर असा झडतो की गिटारच वाटावी. तिला अजून कुणी प्राणी चिकटवलेला नाही.